बाजारच्या दिवशीचं कुलूप

आमच्या घराला कुलूप लावायची पद्धत नव्हती, असं मी सांगते तेव्हा माझ्या मुलीला ते फार सुंदर वाटतं. "किती छान दिवस असतील गं," म्हणते. छान वगैरे काही नव्हतं. घराला कुलूप नव्हतं याचा सरळ अर्थ असा, की घरात सतत कुणीतरी थांबलेलं असायचं. ते कुणीतरी म्हणजे आई, आणि आई नसली की मी. धाकटे दोघे भाऊ होते, पण त्यांना कुणी थांबवत नसे. ते क्रिकेटला जात.

घर शिरूरच्या एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत होतं. दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. वडील, म्हणजे आण्णा, डेपोत मेकॅनिक होते. त्यांच्या कपड्यांचा ग्रीसचा वास आमच्या घराचाच वास झाला होता. बाहेरून कुणी आलं आणि नाक मुरडलं तर आम्हाला कळायचंही नाही का ते. स्टँडच्या भिंतीला आमच्या गल्लीच्या बाजूनं एक खिंडार होतं. आमचं गाव वडगाव रासाई, भीमेच्या काठचं. तिथली गाडी स्टँडवर लागली की अर्धी गाडी त्या खिंडारातून आमच्या पडवीत उतरायची. कुणाची कोर्टात तारीख, कुणाची दाढ, कुणाला मोटारीचा सुटा भाग हवा, कुणाला फक्त लघवीला जायचं असे. आणि आठवड्याच्या बाजारच्या दिवशी तर सगळ्यांनाच सगळं करायचं असे. मग हातातलं ओझं कुठं ठेवायचं? आण्णाच्या घरी. याला गावात कुणी उपकार समजत नव्हतं. स्टँडवर जसा पाण्याचा नळ होता तसं आमचं घर होतं.

पिशव्यांचं वर्णन करायला बसले तर एक वही भरेल. खताच्या पोत्याच्या शिवलेल्या पिशव्या, प्लॅस्टिकच्या वायरीच्या विणलेल्या, टॉवेलात बांधलेली गाठोडी, दुधाच्या किटल्या, फवारणीचा पंप, एकदा पाय बांधलेली कोंबडी, जिनं माझ्या रसायनशास्त्राच्या वहीवर घाण करून ठेवली. ऊन चढलं की त्यात बाजार भरून यायचा: मेथी, कोथिंबीर, सुकट, बोंबील, शेव. आमच्या घरात अकरा ते पाच या वेळेत मेथीचा आणि बोंबलाचा असा काही मिश्र वास सुटायचा की जेवण नको वाटे. पिशवीवर कुणी नाव लिहीत नसे, चिठ्ठी लावत नसे. आई सगळं डोक्यात ठेवायची. "कोपऱ्यातली निळी तात्याची. तिच्या बुडाशी अंडी हायती, वर काय ठिवू नको. गाठोडं म्हातारीचं, ती चारच्या गाडीला जाणार." एकदाही चुकली नाही. मला मात्र दर आठवड्याला कुणीतरी म्हणायचंच, "आगं ही न्हवं माझी, तुझी आई कुठाय?"

आई नुसत्या पिशव्या सांभाळत नव्हती. माठ तीन वेळा भरला जायचा. चहाचं पातेलं स्टोव्हवरून उतरायचं नाही. गुळाचा, भरपूर पाण्याचा चहा. बाजारच्या दिवशी ती सकाळी दुप्पट भाकरी थापायची आणि पातळ पिठलं करायची, कारण पिठल्यात पाणी वाढवता येतं. सोबत मिरचीचा ठेचा. कुणी दुपारी तोंड सुकलेलं घेऊन आलं की विचारायची नाही "जेवलात का". ताट वाढूनच पुढं सरकवायची. विचारलं की माणूस 'जेवलोय' म्हणतो, हे तिचं म्हणणं. मागल्या भिंतीतून स्टँडचा भोंगा ऐकू यायचा, अमकी गाडी अमक्या फलाटावर, आणि तो ऐकून घास हातात धरलेली माणसं ताट तसंच ठेवून पळायची. ते ताट मग मी घासायचे. भांडी घासताना माझ्या मनात जे विचार यायचे ते मी इथं लिहीत नाही.

मी बारावीला होते, विज्ञान शाखेला. आमच्या घराण्यात बारावी करणारी मी पहिलीच मुलगी, हे सगळे मोठ्या अभिमानानं सांगायचे आणि माझ्या पुस्तकावर पिशवी ठेवायचे. आण्णांना एकदा मी स्पष्ट म्हटलं, "लोकांना सांगा ना, स्टँडवर सामान ठेवायची खोली आहे." आण्णा म्हणाले, "तिथं अनोळखी माणूस असतो." मी म्हटलं, "मग मला पगार द्या." ते हसले. आण्णांची ही खोड होती, बायकांच्या कष्टाचा विषय निघाला की हसायचं. गावात त्यांचं नाव होतं, आण्णासारखा माणूस नाही म्हणून. नाव त्यांचं आणि माठ भरायचा मी. हे मला तेव्हाही टोचायचं आणि आज इतक्या वर्षांनीही, ते गेल्यावरही, टोचतं. ते वाईट नव्हते. पण दुसऱ्याच्या पायांनी चालत जाऊन चांगुलपणा करणं सोपं असतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

तर जानेवारीतला बाजारचा दिवस. थंडी अशी की पडवीचा पत्रा सकाळी हाताला झोंबत होता. त्या दिवशी माझं फिजिक्सचं जर्नल तपासून सही घ्यायची शेवटची मुदत होती. सही नसली तर प्रॅक्टिकलला बसू देत नसत. सर एक ते तीन भेटणार होते. आईला हे मी आदल्या दिवशी दोनदा आणि सकाळी एकदा सांगितलं होतं. आई म्हणाली, "बाराला तू मोकळी."

साडेनऊला गावाहून कुणाची तरी सून अडल्यासारखी झाली म्हणून टेम्पोतून आणली. सासू बरोबर, पण ती आयुष्यात कधी सरकारी दवाखान्याची पायरी चढलेली नव्हती. आई पदर खोचून टेम्पोत बसली. मला म्हणाली, "घर सोडू नको. मी आलेच." आलेच म्हणजे किती, हे आमच्याकडं कुणी कुणाला विचारत नाही.

दहाच्या गाडीनं आमच्या गावचा एक माणूस आला. त्याला सगळे मामा म्हणत, मी पण. पूर्वी त्यांच्या घरी मेंढरं होती, त्याच्या बापाच्या काळात वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड, घेऊन कोकणापर्यंत जायचे; आता नदीकाठी ऊस होता. बरोबर त्याची भाची, शोभा. राहूची, म्हणजे नदीपलीकडची, दौंड तालुक्यातली. माझ्याहून वर्षानं मोठी असेल. अंगात कडक इस्त्रीचा पंजाबी ड्रेस, पायात कुणाच्या तरी मापाच्या चपला. मामानं कापडी पिशवी माझ्यापुढं धरली.

"पोरीचे कागद हायती गं. मार्कलिष्ट, दाखला, समदं अस्सल. बाजारात ब्लेड मारत्यात, गेल्या बाजारी माझाच खिसा कापला. जपून ठिव. दुपारी नेतो."

"कसले कागद?" मी वहीतून डोकं न काढता विचारलं.

"नर्शिंगचं. त्या नव्या दवाखान्यात सहा पोरी घेणार हायती. दोन वर्सं शिकवायचं, ऱ्हायला खोली, वर महिन्याला थोडं फार. आत्ता नाव लावून यायचं, मग दुपारी मुलाखत." मग आवाज खाली आणून, पण तिला ऐकू जाईल असा, "हितं लागली तर दोन वर्सं सुटली बघ. न्हाईतर तिच्या बापानं पोरगं बघून ठिवलंय. उन्हाळ्यात बार उडवायचा."

"मामा, समद्या गावाला सांगा," शोभा म्हणाली. मग माझ्याकडं बघून, "तू फिजिक्स करतीस? मला नव्हतं घेऊ दिलं. आर्ट्स घे म्हणले, भाकरी थापायला तेवढं पुरं."

मी हसले. तिनं माठातलं पाणी घेतलं, पेला विसळून जागेवर ठेवला. हे मला लक्षात राहिलं, कारण तो विसळणारी ती त्या दिवसातली एकटीच. मी पिशवी पिठाच्या डब्यावर ठेवली, वर, म्हणजे कोंबडी आली तरी पोचणार नाही अशी. ते दोघं गेले.

मामा 'दुपारी' म्हणाला होता. मी ते ऐकलं होतं. दोनला मुलाखत आहे हे त्यानं सांगितलं नव्हतं, हेही खरं आहे. मला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, याचं उत्तर मी आजवर सोयीप्रमाणं बदलत आले आहे. आज लिहायलाच बसले आहे तर लिहिते: कागद महत्त्वाचे आहेत आणि दुपारी लागणार आहेत, एवढं मला माहीत होतं.

बारा वाजले. आई नाही. घरात सोळा पिशव्या. साडेबारा. एक बाई येऊन म्हणाली, जरा पोटात कळ मारतेय, पडू का? पडली. दुसरी म्हणाली, चहा हाय का? मी म्हटलं, नाही. तिला धक्का बसला. स्टोव्हमधलं रॉकेल संपलं होतं, ते मी तिला सांगितलं नाही, नुसतं 'नाही' म्हटलं आणि मला फार बरं वाटलं. एक वाजायला आला तशी माझ्या छातीत आग पेटली. वर्षभर रांगोळीसारखी आखीव काढलेली ती जर्नलची चित्रं, लेन्स, आरसे, आणि मी बोंबलाच्या वासात बसून दुसऱ्यांच्या मेथीवर पाणी शिंपडतेय. पडलेल्या बाईला मी उठवलं. म्हटलं, "मला जायचंय." ती गेली. मी लोखंडी पेटी उघडली, तळाशी एक कुलूप होतं, गंजलेलं. आण्णांच्या तेलाच्या कुपीतून दोन थेंब सोडले, किल्ली फिरवली, दोनदा अडली, तिसऱ्यांदा फिरली. कडीला कुलूप घातलं.

शेजारी जरीनाचाची तिच्या दारात गहू निवडत बसली होती. "कुठं चालली गं? किल्ली इथं ठेव."

"आईच येईल आता," मी म्हटलं आणि किल्ली जर्नलच्या पिशवीत टाकली.

हे वाक्य मी मुद्दाम सावकाश लिहिते आहे. किल्ली चाचीकडं देणं म्हणजे अर्धं मिनिट. मी दिली नाही. मला वाटत होतं, एकदा येऊ देत सगळ्यांना आणि बघू देत बंद दार. एकदा कळू दे.

सरांची सही दोन वाजायच्या आत मिळाली. एकही चित्र परत काढायला सांगितलं नाही. वर लाल शाईत 'उत्तम' लिहिलं. कॉलेजपासून घर चालत पंधरा मिनिटं. मी घरी गेले नाही. मैत्रिणीबरोबर भेळ खाल्ली. मग तिच्या घरी गेले. तिच्या घरी स्वतंत्र टेबल होतं, त्यावर दिवा होता, आणि दुपारी तीन वाजता त्या घरात घड्याळाचा आवाज ऐकू येत होता. मी त्या टेबलाशी तास-दीड तास नुसती बसले. इतकी सुखाची दुपार मला बारावीच्या वर्षात दुसरी आठवत नाही. ते सुखही खरंच होतं, ते मी खोडून टाकणार नाही.

साडेचारला गल्लीत वळले तर आमच्या पायरीवर, पडवीच्या कडेला, चाचीच्या ओट्यावर माणसं बसलेली. कुणी ओरडत नव्हतं. ओरडली असती तर मी पण ओरडले असते, तयारी करूनच आले होते. आई उभी होती, पदराला रक्ताचा डाग, तोंड उतरलेलं. सुनेला मुलगी झाली होती. आई चारला आली आणि स्वतःच्याच घराबाहेर उभी राहिली होती. एवढ्यात शोभा दिसली. ती पायरीवर नव्हती, कडेला भिंतीला टेकून उकिडवी बसली होती, इस्त्रीचा ड्रेस गुडघ्यावर चुरगळलेला.

मामा उठला. "कुठं गेलतीस गं बाई?" एवढंच म्हणाला. आवाज गेलेला होता त्याचा. नंतर कळलं, सव्वाला ते दोघं आले तेव्हापासून तो पळत होता. डेपोत गेला तर आण्णा ब्रेकडाऊनच्या गाडीबरोबर हायवेला गेलेले. सरकारी दवाखान्यात गेला तर बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाला सोडेनात. मग मला शोधायला कॉलेज म्हणून मुलींच्या शाळेत जाऊन आला.

जरीनाचाची मात्र गप्प बसणारी नव्हती. "मी बोलली, तोड कुलूप! जुनं तर आहे, दगड मारला तर पडेल. मामा दगड घेऊन आला पण. ही पोरगी ऐकेल तर ना! हात धरून बसली त्याचा."

शोभा उठली. कपडे झटकले. "दुसऱ्याच्या घराचं कुलूप कसं तोडायचं, चाची?" ती म्हणाली. "आत लोकांच्या पिशव्या. उद्या कुणाची सुई जरी गेली तर नाव मामाचं. आन् म्हटलं येईल ही. अभ्यासू पोरगी हाय, कुठं भटकणार." हे टोमण्यानं नव्हतं. तेच तर वाईट झालं.

"दोनला व्हती मुलाखत," मामा म्हणाला. "झेराक्स दाखवली. अस्सल आणा म्हणले. तीनपत्तुर थांबले बी. मग पुढच्या पोरीला घेतलं."

मी किल्ली काढली. ती पुन्हा दोनदा अडली. दार उघडल्यावर लोक एकेक करून आत आले, आपापली पिशवी उचलून, "येतो वैनी" म्हणून गेले. आईनं सगळ्यांना पाणी दिलं. शोभाच्या पिशवीला पीठ लागलं होतं. आईनं ते पदरानं पुसलं आणि पिशवी तिच्या हातात दिली. मग तिच्यापुढं ताट सरकवलं, गार भाकरी आणि गार पिठलं. शोभा जेवली. सगळं जेवली. ताट उचलून मोरीत नेऊन घासलं. "राहू दे गं," मी म्हटलं. "आता हेच करायचंय," ती म्हणाली, आणि हसली. ती हसली नसती तर बरं झालं असतं.

ते गेल्यावर आई म्हणाली, "झाली का सही?"

"झाली."

"बरं झालं."

एवढ्यावर सुटले असते तर मी आज लिहायला बसलेच नसते. मीच उसळले. म्हटलं, "मी म्हणाले होते का कुणाला पिशव्या ठेवा म्हणून? तुम्ही चांगुलपणा करायचा आणि मी राखण बसायचं? माझं वर्ष गेलं असतं तर? तू बाराला येणार होतीस!"

आई बाजेवर टेकली. तेवढ्यापुरती ती मला म्हातारी दिसली. चाळिशीची पण नव्हती. "बाराला यायचं व्हतं," ती म्हणाली. "ती माझी चूक. ती बाई माझा हात सोडंना. पण तुला न्हाई म्हणायचं व्हतं तर सकाळी म्हणायचं. तोंडावर. म्हणायचं, मला जायचंय, न्हाई ठिवत. त्यांनी दुसरीकडं ठिवली असती, न्हाईतर छातीशी धरून हिंडली असती ती पोर. तू घेतलीस हातात. घेतल्याव मग तुझी."

मी म्हटलं, "तू तरी कधी कुणाला नाही म्हणालीस?"

तिनं पदरावरचा डाग नखानं खरवडला. मग म्हणाली, "मला न्हाई जमलं. तू शीक."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला त्या नव्या दवाखान्यात नेलं. शोभा आणि मामाला गावाहून बोलावून घेतलं होतं. मोठ्या सिस्टरच्या खोलीत आई म्हणाली, "सांग." मी सांगितलं. कुलूप मी लावलं, किल्ली मी नेली, हिची चूक नाही. सिस्टर ऐकून घेणाऱ्या होत्या, वाईट बाई नव्हत्या. त्यांनी कागद बघितले, गुण बघितले, "अगं, चांगले आहेत की," म्हणाल्या. पण सहाची यादी लागली होती. त्यांनी शोभाचं नाव सातवं लिहिलं, कुणी सोडून गेलं तर. मी तीन महिने रोज त्या दवाखान्यावरून कॉलेजला जाताना आत डोकावायचे. सहाच्या सहा मुली टिकल्या. मी त्यांच्यातल्या एकीला ताप येऊन ती घरी जावी असं देवाजवळ मागितलं होतं, हे कुणाला सांगितलेलं नाही.

मेमध्ये शोभाचं लग्न ठरलं. बस्त्याच्या खरेदीला शिरूरला आली, पाच-सहा बायका बरोबर. बाजारचाच दिवस. माझी परीक्षा झाली होती, मी पडवीत बसले होते. तिनं साड्यांची भली मोठी पिशवी आणली आणि आईकडं न देता माझ्या मांडीवर ठेवली. "बांगड्या भरून येतो," म्हणाली. "कुठं जाणार न्हाईस न्हवं?"

बाकीच्या बायका फिसकन हसल्या. म्हणजे गोष्ट सगळीकडं पोचली होती. मी म्हटलं, "नाही." आणि तीन तास जागची हलले नाही. लघवीला लागली तरी उठले नाही. ती आली, पिशवी घेतली, उघडून बघितली नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "लगनाला ये. दौंडाकडं दिलीय, लांब न्हाई." मी गेले नाही. तोंड नव्हतं मला.

लोक मला आता सांगतात, बघ ना, तिचं चांगलंच झालं. झालं आहे. दहा म्हशी, दोन्ही मुलं शिकलेली, घर दोन मजली. पण ते तिनं केलं म्हणून झालं. माझं कुलूप त्यात कुणी धरू नये. तसं धरायला मला कितीतरी वेळा आवडलं असतं.

मी पुढं डी. फार्म. केलं. शिरूरला स्टँडजवळ माझं औषधाचं दुकान आहे, वीस वर्षांच्या वर झाली. आता लोकांकडं मोटारसायकली आहेत, मोबाइल आहेत, आणि तरी त्यांच्या हातात पिशव्या आहेतच. काउंटरखाली सोडतात. हेल्मेट, खताची पावती, कुणाचा फोन चार्जिंगला, ऑनलाइन मागवलेलं पार्सल. पत्ता म्हणून माझ्या दुकानाचं नाव घालतात, मला न विचारता. मी चिडते. ठळक अक्षरांत पाटी लावली आहे, 'येथे सामान ठेवू नये'. पिशव्या त्या पाटीखाली ठेवल्या जातात, कारण तिथं भिंतीला टेकतात. मात्र एक शिकले आहे. मला दुकान लवकर बंद करायचं असलं की मी तोंडावर सांगते, आज नाही, घेऊन जा. लोकांना राग येतो. येऊ दे. आणि घेतली तर शेवटची पिशवी जाईस्तोवर शटर ओढत नाही, घरी कितीही बोलणी बसली तरी.

शोभा महिन्याला एकदा येते, तिला रक्तदाबाची गोळी आहे. आली की पिशवी पाटीखाली, आणि दर खेपेला तोच प्रश्न, "कुठं जाणार न्हाईस न्हवं?" तीस वर्षं झाली, तिला कंटाळा नाही.

गेल्या महिन्यात आली तेव्हा मला खरंच जायचं होतं. बँकेत सही करायला बोलावलं होतं, मदतीला असणारी मुलगी रजेवर. मी तिला स्पष्ट म्हटलं, "आज नाही ठेवत. आता बंद करून चाललेय. दोनपर्यंत येईन."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग हात पुढं केला. "मग किल्ली दे हिकडं. मी बसते."

मी दिली. औषध कुणाला द्यायचं नाही, एवढं बजावलं. बँकेत रांग होती, माणूस जागेवर नव्हता, मग मशीन बंद पडलं. सगळा वेळ मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. शेवटी काउंटरवरच्या बाईंना म्हटलं, उद्या येते, आणि सही न करताच निघाले. या वयात, गुडघे दुखत असताना, भर बाजारातून मी पळत होते. दोघांनी विचारलंही, "मॅडम, काय झालं?"

दुकानात शोभा माझ्या खुर्चीवर बसली होती. पाटीखाली आठ पिशव्या झाल्या होत्या आणि एक फवारणीचा पंप. समोरच्या स्टुलावर एक म्हातारी, मांडीवर डॉक्टरांची चिठ्ठी, हातात दुसऱ्या कुठल्या तरी दुकानातल्या गोळ्यांच्या पट्ट्या. आणि शोभा तिला एकेक पट्टी उलटून दाखवत होती. "ही पांढरी उपाशीपोटी. ही लाल जेवल्याव, निम्मी न्हाई तोडायची, आख्खी. आन् चक्कर आली तर धरून बसायचं, उठायचं न्हाई लगीच. समजलं का आज्जी? मला सांगा बरं परत." म्हातारी पाठ म्हटल्यासारखं सांगत होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं तसंच, एक शब्द इकडचा तिकडं नाही.

मी दारातच उभी राहिले, धाप लागलेली. शोभानं वर बघितलं, मग घड्याळाकडं.

"दोनला धा कमी हायती," ती म्हणाली. "एवढं पळायला काय झालं?"